पाण्याखालचं माहेर

१८ नोव्हेंबर २००२, सोमवार. अंबड

विम्याच्या एजंटनं जानेवारीत दिलेली ही डायरी आज उघडतेय. वर्ष संपत आलं. लिहिण्यासारखं घडलंच काय म्हणा! ह्यानं बांध कोरला, त्यानं बांधावरचं लिंब तोडलं, बारा वर्षांची वकिली ह्यातच गेली. बाईमाणूस वकील, त्यातून आमच्या वस्तीतली. मोठं काम रामराव वकिलांकडे जातं आणि उरलंसुरलं माझ्याकडे, बेबीनंदाकडे, येतं.

आज मात्र एक माणूस आला आणि तेव्हापासून माझं डोकं ठणकतंय. भुजंग त्याचं नाव. कुंभार पिंपळगावजवळ त्याची मोसंबीची बाग आहे. त्याच्या बायकोला, कौसल्याला, पोलिसांनी उचललं. गुन्हा काय, तर ती बांगलादेशी आहे. मी विचारलं, आहे का? त्यानं खाली मान घातली. म्हणाला, "हाय की. पर आता कुठं तिकडची राह्यली ती?"

आणि हे बाहेर कसं आलं ते ऐकून हसावं की रडावं कळेना. ग्रामपंचायतीत बायकांची जागा निघाली. भावकीत उभं राहायला एक बाई तयार होईना. कौसल्या धीट, मराठी लिहिते वाचते, म्हणून ह्या शहाण्यांनी हौसेनं तिलाच उभं केलं. समोरच्या पॅनेलनं हरकत घेतली, हिचा जन्म कुठला, बाप कोण. सहा वर्षं जे अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी कधी बोललं नव्हतं, ते एका अर्जात तहसीलला जाऊन पोचलं. मी भुजंगावर ओरडलेच, अरे, अक्कल कुठं ठेवली होती? तर म्हणतो, "ताई, ती परकी हाय हे आमच्या ध्यानातच आलं न्हाई."

चार वर्षांची पोरगी आहे त्यांना, तुळजा. ती शेजारच्या गोजरबाईकडे ठेवलीय. केस मी घेतली. फी विचारायची राहूनच गेली.

२३ नोव्हेंबर, शनिवार

हर्सूलला जेलात जाऊन कौसल्याला भेटून आले. मला वाटलं होतं कुणीतरी वेगळी दिसेल, दुभाषा शोधावा लागेल. डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं, "ताई, बागेला पाणी देऊन राह्यले का न्हाई हे? त्यांना सांगा, टँकर इकत घ्या पर झाडं वाळू देऊ नका." आमच्या घनसावंगीकडच्या बाया बोलतात तशी सरळ बोलते. मी उगाच लाजले.

तिचं मूळचं नाव शेफाली. लग्नात ताटातल्या तांदळावर कौसल्या लिहिलं ते पक्कं झालं. गाव चर दुर्लभ. चर म्हणजे नदीच्या तोंडाशी गाळ साचून तयार झालेलं बेट. समुद्र दरसाल वर सरकत होता, नदी कडेची माती ओढून नेत होती. आधी शेत खारं झालं, मग गेलं. मग शाळा गेली, मग स्मशान गेलं. त्यांनी घर तीनदा मागं सरकवलं. एका वादळात भाऊ गेला. "मंग बाप म्हणला, आता मागं सरकायला जागाच न्हाई," हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं. शेजारच्या करीमचाचानं नावेतून त्यांना काढलं. ते कलकत्त्याला कालव्याकाठी झोपडी करून राहिले. बाप फळबाजारात पाट्या उचलायचा. भुजंग मोसंबीच्या ट्रकबरोबर जायचा, तिथं त्यानं हिला पाहिलं. पुढं आईबाप दोघंही तिथंच वारले.

निघताना तिनं विचारलं, मला तिकडं धाडतील का. मी ठासून सांगितलं, नाही. का सांगितलं कोण जाणे, पण तेव्हा मला तसंच वाटत होतं.

४ डिसेंबर, बुधवार

जामीन नाकारला. वरच्या कोर्टातही हेच होणार असं सगळे म्हणतात. ह्या कायद्यात गंमत अशी की, ती परकी आहे हे पोलिसांनी सिद्ध करायचं नसतं, ती परकी नाही हे तिनं सिद्ध करायचं असतं.

संध्याकाळी रामराव वकिलांनी बोलावलं. वयानं मोठे, मनानं वाईट नाहीत, पण चेहऱ्यावर सदा ते समजूतदार हसू. म्हणाले, दोन वाटा आहेत. एक, ती सरहद्दीच्या अलीकडच्याच, आपल्या बंगालची आहे म्हणायचं. मोसंबीचे ट्रक पाठवणारा रखमाजी शपथेवर सांगेल की मी हिच्या बापाचं घर इकडंच पाहिलंय. पोलिसांकडे पुरावा काडीचा नाही, संशयाचा फायदा मिळून जाईल. दुसरी वाट, बाई हिंदू आहे, तिकडं धर्मावरून छळ झाला म्हणायचं. सुटेलच असं नाही, पण लोक डोळेझाक करतात.

दुसरं मी कौसल्याला आधीच विचारलं होतं. ती म्हणाली होती, "छळ कुणी केला न्हाई. करीमचाचानं त्याची भांडी खाली ठिवली अन् आमची नावेत घेतली." आता ह्या माणसाला मी छळ करणारा ठरवू? आणि पहिली वाट म्हणजे सरळ खोटी साक्ष. मी रामरावांना म्हटलं, ही बाई खरी पीडित आहे, तिला खोट्याची गरज काय? ते म्हणाले, "बेबीताई, गरज तिला नसंल, कायद्याला हाय."

औरंगाबादहून पुस्तकं आणलीत. जागतिक करारात निर्वासित कोण, तर ज्याला धर्म, वंश, राजकीय मत अशा कारणांनी छळाची भीती आहे तो. त्या यादीत पाणी नाही. जगात कुठंच नाही, आणि आपल्या देशानं तर त्या करारावर सहीसुद्धा केलेली नाही. उद्या समुद्र आणखी चढला तर लाखांनी माणसं निघतील, त्यांना कुठल्या नावानं हाक मारायची हे कुणी ठरवलेलं नाही. पण आपल्या घटनेत जीविताचा हक्क नागरिकाला म्हणून नाही, प्रत्येक व्यक्तीला दिलाय. अरुणाचलात येऊन राहिलेल्या निर्वासितांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं तो मानला, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांची गावं तिकडच्या धरणातच बुडाली होती. वाचता वाचता अंगावर काटा आला. ही केस अंबडच्या कोर्टातून वर जाईल, वरून दिल्लीला जाईल, आणि कधीतरी पुस्तकात छापून येईल.

२९ डिसेंबर, रविवार

भुजंगच्या गावी जाऊन आले. पाऊस यंदा नावालाच झाला. विहिरींनी तळ गाठलाय, टँकरभोवती हंड्यांची रांग. मोसंबीची पानं सुकून गेलीत. आणि अशा गावात मी विचारत फिरतेय, पाण्यानं गाव खाल्लं हे तुम्हाला माहीत होतं का. एका म्हातारबाबानं मला वेड्यात काढलं. म्हणाला, पाणी जास्ती झालं म्हणून कुणी गाव सोडतं का, आम्ही तर बहात्तरला पाण्यापायी सोडलं. खडी फोडायला गेलो तेव्हा कुणी विचारलं नाही तू कुठला म्हणून, हातात कुदळ दिली. त्याला मी काय सांगणार, की तुम्ही देशाची हद्द ओलांडली नव्हती, तुमच्यासाठी सरकारनं कामं काढली होती.

गोजरबाईकडे तुळजाला पाहिलं. तिच्या पदराला धरून होती, माझ्याशी बोलली नाही. गोजरबाईनं सांगितलं की कौसल्या लग्न होऊन आली तेव्हा पंचमीला साऱ्या सुना माहेरी गेल्या आणि ही एकटीच ओट्यावर बसून होती. गोजरबाईनं तिला हाताला धरून घरी नेलं, न्हाऊ घातलं, चोळी शिवली. तेव्हापासून दर पंचमीला, दर दिवाळीला कौसल्या चार घरं ओलांडून माहेरी जाते, आणि चार दिवसांनी भुजंग टोपी घालून रीतसर तिला आणायला जातो. सारं गाव हे खरं माहेर मानतं. गोजरबाईच्या घरचं लग्न निघालं तर कौसल्याला लेकीच्या मानाची साडी.

मी तिथंच ठरवलं, हिलाच साक्षीला घ्यायचं. कौसल्या इथल्या मातीत रुजलीय हे ह्याहून चांगलं कोण सांगेल?

१३ जानेवारी २००३, सोमवार

भुजंग आज रखमाजीला घेऊन आला. पांढरेशुभ्र कपडे, खिशाला दोन पेनं. सगळं पाठ करून आला होता, बापाचं घर, घरापुढचं तळं, तळ्यात बदकं. मी त्याला चहा पाजून परत धाडलं. भुजंग म्हणाला, ताई, माणूस आपल्या पायानं आलाय. मी म्हटलं, भुजंग, उलटतपासणीत ह्याची बदकं उडून जातील आणि हाही आत जाईल. त्यावर तो गप्प बसला. त्याचं गप्प बसणं मला आवडलं नाही.

आबांना सांगितलं. आबा, माझे वडील, शाळामास्तर होते, आमच्या घराण्यातले पहिले शिकलेले. ते म्हणाले, "बरोबर केलंस. आपल्याला जे मिळालं ते कायद्यानं मिळालं. आपण कोर्टात खोटं बोललो तर आपल्यापाशी राह्यतं काय?" मला लहानपणापासून हेच सांगितलंय आणि मी त्यावरच उभी आहे. तरी रात्री जेवण गेलं नाही.

कौसल्या इथं राहणाऱ्या भारतीयाची बायको आहे म्हणून नागरिकत्वाचा अर्ज जालन्याला दिलाय. उत्तर आलं की फौजदारी निकाली निघाल्याशिवाय विचार करता येत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजच्या पेपरात आलंय. सरहद्दीवर दोन्ही देशांच्या मधल्या पट्ट्यात शेकड्यानं माणसं बसून आहेत, बायाबापड्या, तान्ही लेकरं. आपले म्हणतात तुमची घ्या, ते म्हणतात आमची नाहीत. थंडी मी मी म्हणतेय आणि लोक उघड्यावर आहेत. पेपर घडी करून आबांपासून लपवला, जणू त्यांनी पाहिलं नाही म्हणजे ते घडलं नाही.

कौसल्याला हे कळू द्यायचं नाही. लेखी जबाब तयार केलाय, बावीस पानं. चर दुर्लभ, वादळ, करीमचाचाची नाव, कालवा, सगळं आहे त्यात, आणि मग घटनेतला जीविताचा हक्क. असं काही मी आयुष्यात लिहिलेलं नाही. कौसल्याला वाचून दाखवला तेव्हा ती रडली. म्हणाली, "तुम्ही तर माझं गाव पुन्हा उभं केलं, ताई." मग थोड्या वेळानं विचारलं, "पर हे समदं सांगितल्यावर मी तिकडचीच ठरंन ना?" मी तिला समजावलं की आपण तिकडची असूनही इथं राहण्याचा हक्क मागतोय. तिनं सही केली, मराठीत, कौसल्या भुजंग अशी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पोलिसांचे साक्षीदार झाले. खरंच काही नाही त्यांच्याकडे, तो एक अर्ज आणि एक पंच, तोही चाचपडणारा. मग न्यायाधीशांनी कौसल्याला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? मी तिच्याकडे पाहून मान हलवली. सगळी तयारी झाली होती, आणि बाई गप्प! भुजंगकडे बघत राहिली, मग म्हणाली, मला काही सांगायचं न्हाई. न्यायाधीश म्हणाले, ठीक आहे, आणि लिहून घेतलं.

मला इतका राग आला. बाहेर तिला म्हटलं, अगं, तुझीच गोष्ट, तुझ्याच तोंडून यायला हवी होती. ती म्हणाली, जीभच उचलली न्हाई. कोर्टाचं दडपण येतं माणसाला, समजू शकते मी. हरकत नाही, जबाब गोजरबाईच्या साक्षीनंतर दाखल करीन.

३ मार्च, सोमवार

रात्र फार झालीय, तरी आजच लिहायला पाहिजे.

गोजरबाई नवं लुगडं नेसून आली. मी विचारलं, कौसल्या तुमची कोण? म्हणाली, लेक. मी पुढं विचारणार होते की हे नातं कसं जुळलं, तेवढ्यात ती माझ्याकडे न बघता न्यायाधीशांकडे वळली आणि म्हणाली, "पोटची लेक हाय, साहेब. जत्रेत हारपली होती. ट्रकवाल्यांना घावली, त्यांनी आणून दिली."

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. विचारलं, आजी, शपथेवर सांगताय ना? ती म्हणाली, भरल्या घराची आण घेऊन सांगते. सरकारी वकील खिडकीबाहेर बघत होते. न्यायाधीशांनी त्यांना विचारलं, उलटतपासणी? ते म्हणाले, काही नाही. न्यायाधीश लघुलेखकाला म्हणाले, लिहा.

मी उभी राहिले. म्हटलं, साहेब, साक्षीदार मायेपोटी बोलतेय. माझ्या अशिलाचा बचाव असल्या खोट्यावर उभा नाही, तो सत्यावर आणि घटनेवर उभा आहे. न्यायाधीशांनी लघुलेखकाला हातानं थांबवलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही खाली बसलात तरी चालेल."

मी बसले नाही. बावीस पानं पुढं ठेवली आणि सगळं वाचलं. माझा आवाज एकदाही फुटला नाही. संपलं तेव्हा कोर्ट इतकं शांत होतं की बाहेरच्या टपरीवरचा स्टोव्ह ऐकू येत होता. आबांनी हे पाहायला हवं होतं असं मनात आलं, खोटं कशाला लिहू? छाती भरून आली होती.

बाहेर भुजंग माझ्याशी न बोलता निघून गेला. गोजरबाई पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "माझी लेक काढून घेतलीस की गं तू." मी तिला समजवायला गेले तर तिनं तोंड फिरवलं. अडाणी आहे बिचारी, तिला कसं कळणार! रामराव बाररूममध्ये होते. म्हणाले, म्हातारीला तेवढं बोलू द्यायचं होतं. मी म्हटलं, आणि उद्या वरच्या कोर्टात? ते म्हणाले, वरच्या कोर्टात गेलं कोण असतं?

हे सगळे मिळून मला चूक ठरवतात, आणि मला माझी चूक दिसत नाही. दिसत नाही की बघत नाही? जाऊ दे.

१६ मार्च, रविवार

उद्या निकाल. रामराव मुद्दाम घरी आले. म्हणाले, दोषी ठरणारच, पण शिक्षेवर बोलताना कमी करा म्हणू नका. दोन वर्षं पडली तर पडू द्या, तोवर बाई ह्या देशात राहील, तुमचं अपील चालेल. लेकरू आईविना झुरतंय आणि मी आईला जेलात ठेवा म्हणून मागणी करू? ह्या माणसाच्या छातीत काळीज आहे की फाइल? चहा न घेता गेले. बरं झालं.

१७ मार्च, सोमवार. होळी

दोषी. पोलिसांच्या पुराव्यावर नाही. निकालात स्वच्छ लिहिलंय, आरोपीनं स्वतः लेखी जबाबात मूळ गाव परदेशात असल्याचं मान्य केलं आहे. पुढं हेही लिहिलंय की न्यायालयाला सहानुभूती आहे, पण पाण्यानं गाव गेलेल्या परदेशी माणसाला आसरा देण्याची तरतूद कायद्यात आढळत नाही.

मग शिक्षेवर मी बोलले, तळमळून बोलले. लहान मुलगी, दुष्काळ, चांगली वागणूक. न्यायाधीश भला माणूस. म्हणाले, जेलात काढले तेवढे महिने पुरे. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. मी मागं वळून भुजंगला म्हटलं, सुटली! तो उठून उभा राहिला, तुळजाला वर उचललं. त्यानं विचारलं, मंग आजच घरी न्यायची का?

दाराशी पोलीस उभे होते. मायदेशी रवानगी. शिक्षा संपली म्हणजे त्यांचं काम सुरू झालं. मला वाटलं होतं पत्रव्यवहार होईल, वकिलातीला कळवतील, महिने जातील. फौजदार म्हणाला, आजच गाडी काढायची आहे, बंगालकडे जाणारी आणखी चार माणसं आहेत. मी स्थगितीचा अर्ज हातानं लिहिला. न्यायाधीश म्हणाले, बाई, माझ्यासमोर आता केसच उरली नाही, औरंगाबादला हायकोर्टात जा. उद्या धुळवडीची सुट्टी आहे, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

गोजरबाईनं तिथंच, पोलीस गाडीच्या पायरीशी, कौसल्याची ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. फौजदार घड्याळ बघत होता पण मधे पडला नाही. कौसल्यानं तुळजाला घट्ट धरलं होतं. पोरीचा जन्म इथला, बाप इथला, ती भारतीय, तिला नेता येत नाही. मीच जन्माचा दाखला काढून ठेवला होता, तिच्या भल्यासाठी. पोरीचे हात मीच सोडवले, कारण पोलिसांनी सोडवले असते तर वाईट दिसलं असतं.

कौसल्या मला एकच वाक्य बोलली, "ताई, माझं खरं माहेर गोजरबाईचं होतं, ते तुम्ही खोटं म्हणलात." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी आज झोपले असते.

१९ मार्च, बुधवार. औरंगाबाद

पहाटेच्या गाडीनं आले. अर्ज दाखल झाला, दुपारी बोर्डावर, सुनावणीच्या यादीत, आला. आरोपी कुठं आहे, न्यायमूर्तींनी विचारलं. सरकारतर्फे सांगितलं, राज्याबाहेर गेली. मग म्हणाले, चार आठवड्यांनी ठेवा. मी व्यक्ती, जीविताचा हक्क, अरुणाचल, सगळं बोलले. न्यायमूर्तींनी नीट ऐकलं, मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणाले. माझा मुद्दा महत्त्वाचा आहे! ह्या एका वाक्यासाठी मी चार महिने जगत होते.

बसस्टँडवर उसाचा रस घेतला आणि तिथंच नालीत ओकले.

३० मार्च, रविवार

वसंता काल रात्री परतला. आमच्याच वस्तीतला पोरगा, पोलिसात आहे, त्याला कौसल्याच्या गाडीसोबत पाठवलं होतं. सकाळी आला, जयभीम घातला आणि आबांसमोर खाली बसला. सांगितलं ते असं.

सरहद्दीवर त्यांनी कौसल्याला आपल्या सीमा दलाच्या ताब्यात दिलं. त्यांनी तिला एका शेताच्या कडेला नेलं आणि समोर चालायला सांगितलं. ती ओटीचा पदर धरून चालत गेली. पलीकडच्यांनी अडवलं, गाव विचारलं. तिनं सांगितलं, चर दुर्लभ. त्यांनी कागद काढले, कुणाला तरी फोन लावला, पुन्हा पुन्हा विचारलं. मग तिला मागं वळवलं. वसंता म्हणाला, "ते म्हणले, असं गावच न्हाई. कुठल्याच कागदावर न्हाई. मंग ही आमची कशावरून?" आपल्यांनी तिला पुन्हा पुढं ढकललं, कारण आपल्याकडे कोर्टाचा निकाल होता, आणि निकालात गावाचं नाव होतं.

ते नाव मी घातलंय. नदीच्या पोटात गेलेलं गाव मी बावीस पानांत वर काढलं, आणि तेवढ्यावर इथून ती गेली. तिथं तर ते गावच नाही.

आबांनी विचारलं, मग आता कौसल्या कुठं आहे? वसंता म्हणाला, आम्ही निघालो तेव्हा मधल्या शेतात बसली होती, आमची सही झाली, आम्हाला निघायला सांगितलं. आबा उठून आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी वाट पाहत होते की ते म्हणतील, तू खरं बोललीस. ते म्हणाले नाहीत.

३१ मार्च, सोमवार

कोर्टात गेले नाही. सकाळी नऊच्या सुमाराला भुजंग आला. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात पिशवी. तुळजाला नवा झगा घातलेला. वसंता काय बोलला ते त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. कोण सांगणार, मीच ना! त्यानं बाग कुणाला तरी बटाईनं दिलीय, गाडीभाड्याचे पैसे जमवलेत.

म्हणाला, "ताई, झालं गेलं सोडा. बायको तिकडं गेली तर नवऱ्यानं आणायला जायचं असतंय. कुठं उतरायचं अन् कुणाच्या घरी इचारायचं, तेवढं सांगा."

मी त्याला बसा म्हटलं. चहा दिला. आत येऊन आबांच्या शाळेचा जुना नकाशा काढला, उगाच. मग ही डायरी घेतली. आता दुपार झालीय. मघाशी तुळजानं बापाला विचारलेलं ऐकू आलं, आई किती लांब आहे, तर तो म्हणाला, वकीलताई बघून राह्यल्या. दोघं अजून ओसरीवर बसलेत, आणि मी बाहेर जात नाही, लिहीत बसलेय.